माणूस कुठं कमी आहे, हे गल्लीला विचारा
(कापडगिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



पाळी संपवून, रिकामा डबा तसाच पिशवीत घेऊन तुम्ही इथं आला आहात. त्याबद्दल आधी तुमचे आभार. आमचं शिक्षण चौथीपर्यंतचं. कायदा आम्ही युनियनच्या वकिलाकडून ऐकून शिकलो आणि हिशेब साच्यावर उभं राहून शिकलो. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्या. पण हिशेबात चूक सापडली तर तिथंच उठून सांगा.

आजचा विषय असा, की वाढत्या शहराच्या कारभारात नवीन माणसं कोणत्या कामाची घ्यावीत. कुणाला वाटेल, हा साहेबलोकांचा प्रश्न आहे. पगारवाढ, बोनस, घरभाडं हे आपले प्रश्न; महापालिकेत किती कारकून आणि किती इंजिनिअर हे त्यांचं त्यांनी बघावं. आम्हीही काल-परवापर्यंत असंच समजत होतो. ती समजूत आम्हांला फार महागात पडली. कशी ती सांगण्यासाठीच आज उभे आहोत.

आमच्या गावाचं नाव आम्ही इथं घेणार नाही. नाव घेतलं की तुम्ही म्हणाल, ते त्या गावाचं दुखणं. पण मागाच्या खडखडाटावर जगणाऱ्या कुठल्याही गावाची गोष्ट हीच आहे. गाव वाढलं. ऊस होता तिथं मागाच्या शेडी झाल्या, शेडींच्या मागं खोल्या झाल्या, खोल्यांच्या मागं झोपड्या झाल्या. एक दिवस नगरपालिकेची पाटी उतरली आणि महानगरपालिकेची पाटी चढली. फटाके वाजले. आम्हीही पेढा खाल्ला, खोटं कशाला बोला?

पुढं कळलं, की नवीन पदांची यादी होते आहे. सरकारी भाषेत तिला आकृतीबंध म्हणतात. युनियनच्या कचेरीत आम्ही पाचजण ती यादी वाचायला बसलो. पहिल्या पानावर अधिकारी. दुसऱ्या पानावर अधिकाऱ्यांचे स्वीय सहायक. तिसऱ्या पानावर त्यांच्या गाड्यांचे चालक आणि दाराशी बसणारे शिपाई. पाणीपुरवठ्याचं पान शेवटून दुसरं. त्यात पाणी सोडणाऱ्या माणसांची, म्हणजे व्हॉल्व्हमनची, जुनीच संख्या उतरवलेली. गाव वाढून दुप्पट झालं, पण चावी फिरवणारे हात होते तेवढेच. आम्ही वाचलं, थोडं चरफडलो आणि यादी कपाटात ठेवून दिली. ही आमची पहिली चूक.

आमच्या साचाखात्यात एक जुने जॉबर आहेत. सगळं खातं त्यांना मामा म्हणतं. नाव सांगत नाही. ते समोरच बसले आहेत. त्यांच्या गल्लीत पाण्याचा पाइप गटारातून गेलेला. पावसाच्या तोंडाला त्याचा एक सांधा सुटला. मामांनी तक्रार दिली. आठ दिवसांनी आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. खिडकीवरचा कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं वही उघडून दाखवली. म्हणाला, "मामा, तुमची तक्रार मला दिसते हो. पण सगळ्या भागाला फिटर एकच. दुसरा रिटायर झाला, त्याची जागा भरली नाही. तुमच्या आधी एवढ्या तक्रारी आहेत, बघा." आम्ही बघितलं. वहीची पानं भरली होती. आमचा नंबर यायला एकोणीस दिवस लागले.

त्या एकोणीस दिवसांचं पाणी सगळ्या गल्लीनं प्यायलं. मग घराघरांत माणसं पिवळी पडू लागली. आधी पोरं, मग बाप्ये. मामांच्या सुनेला सातवा महिना होता. तिला ताप आला, डोळे पिवळे झाले, चार दिवसांत शुद्ध गेली. ती गेली आणि पोटातलं लेकरूही गेलं. फिटर आला तो तिच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी. बिचाऱ्यानं अर्ध्या तासात सांधा बसवला. अर्ध्या तासाचं काम होतं, मंडळी!

आता हे असं का होतं, ते डॉक्टरांनी आम्हांला समजावलं, ते तुम्हांला सांगतो. आपल्या गावांत पाणी दिवसातून तास-दोन तास येतं, कुठं एक-दोन दिवसांआड येतं. पाणी चालू असतं तोवर पाइपात दाब असतो. फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्याच फटीतून बाहेरचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी तेच पहिल्या हंड्यात येतं. पाण्यातून पसरणारी ही कावीळ धडधाकट माणसाला बहुधा सोडून देते; पण गरोदर बाईला ती फार घातक ठरते.

हे काही एकट्या आमच्या गल्लीचं नशीब नव्हे. १९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत राजधानी दिल्लीत गटाराचं पाणी यमुनेतून थेट पाणी उचलण्याच्या जागी शिरलं आणि २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली. २०१२ साली आपल्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ येऊन माणसं गेली. जिथं गाव वाढतं आणि पाणी-गटार बघणारी यंत्रणा वाढत नाही, तिथं हा धोका कायम दाराशी उभा असतो.

सुनेचं दहावं झालं आणि आम्ही कपाटातली यादी पुन्हा बाहेर काढली. या वेळी चरफडलो नाही. पेन्सिल घेऊन बसलो.

बंधूंनो, माणसं किती लागतात हा हिशेब गिरणी कामगाराला कुणी शिकवायला नको. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. त्याच्या कारणांत एक मोठं कारण हे, की दोन साचे चालवणाऱ्या विणकराच्या गळ्यात तीन साचे घालण्याची टूम मालकांनी काढली होती. एका माणसावर काम किती, हे मोजल्याशिवाय माणसं किती हे ठरत नाही, ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांनी पोटाला चिमटा घेऊन मांडली. महापालिकेलाही हाच नियम लावायचा. यादी साहेबाच्या केबिनपासून खाली उतरत यायला नको. कामापासून वर चढत जायला हवी.

समजा, एका व्हॉल्व्हमनकडं ३० चाव्या आहेत. एका चावीपाशी जाऊन ती फिरवायला १० मिनिटं धरा. सगळ्या सोडायला ३०० मिनिटं, सगळ्या बंद करायला ३०० मिनिटं. मिळून ६०० मिनिटं, म्हणजे १० तास. पाळी आहे ८ तासांची. मग तो काय करील? काही चाव्या अर्ध्याच सोडील, काही बंद करायला विसरेल. एका गल्लीला पाणी नाही आणि दुसऱ्या गल्लीच्या गटारात पाणी वाहतं आहे, हे तुम्ही रोज बघता. तुम्ही त्या माणसाला शिव्या देता. शिव्या द्या, पण आधी त्याच्या चाव्या मोजा.

दुसरा हिशेब पंपावरचा. साहेब म्हणतात, पंप तीन पाळ्यांत चालतो, तीन माणसं पुरेत. आपण गिरणीत बदली कामगार बघितला आहे, आपण फसणार नाही. वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाच्या ३ पाळ्या, म्हणजे १,०९५ पाळ्या. एका माणसाच्या आठवड्याच्या ५२ सुट्ट्या गेल्या, रजा-आजारपणाचे ३० दिवस धरा, तर तो २८३ पाळ्या भरतो. भागून बघा: तिघांत भागत नाही, चौघं लागतात. चौथा नसला की कुणीतरी सलग दोन पाळ्या करतो, पहाटे त्याचा डोळा लागतो आणि पाण्यात क्लोरीन पडायचं राहून जातं. अग्निशामक बंबाचंही असंच, दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या नर्सबाईचंही असंच. जी जागा रात्रंदिवस सांभाळायची, तिथं एका जागेमागं चार माणसं. हे गणित पाठ करून ठेवा, सभेत उपयोगी पडेल.

आता कुणी विचारील, हे ठरवतं कोण? मुंबई शहराचा कायदा वेगळा, १८८८ चा. बाकीच्या महापालिकांचा मूळचा १९४९ चा. त्या १९४९ च्या कायद्याप्रमाणं किती माणसं, कोणत्या हुद्द्याची, किती पगाराची, याचं पत्रक आयुक्त तयार करतात आणि स्थायी समितीपुढं ठेवतात. नवं पद काढायचं तर राज्य शासनाची मंजुरी लागते. गेली काही वर्षं राज्यातल्या अनेक महापालिकांत नगरसेवकच नव्हते. सगळा कारभार प्रशासकाच्या सहीवर चालला. त्या काळात ज्या याद्या झाल्या, त्या गल्लीला कुणी विचारून केल्या? आम्हांला तरी कुणी विचारलं नाही.

आणि पैसा? शासनाचा दंडक असा, की नोकरांच्या पगार-भत्त्यांचा, म्हणजे आस्थापनेचा खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. रुपयातले पस्तीस पैसे. कुणी म्हणेल, हा दंडकच मोडून काढू. त्यावर भांडूही. पण तो आज आहे, आणि आज आहे म्हणून निवड करणं भाग आहे. स्वीय सहायक घेतला तर फिटर राहतो. हे आम्हांला आधी कळलं असतं तर ती यादी कपाटात गेली नसती.

इथं आम्हांला आमची दुसरी चूक कबूल केली पाहिजे. ती पहिलीपेक्षा वाईट आहे. या सगळ्याच्या दोन वर्षं आधी आमच्या युनियननंही एक मागणीपत्र दिलं होतं. त्यात काय मागितलं? शिपायांच्या जागा. कारण सरळ आहे. आपली पोरं दहावी झालेली, घरी बसलेली. शिपायाची नोकरी म्हणजे सावलीतली नोकरी. कुणाचा भाचा, कुणाचा मेहुणा अशी नावं मनात धरून आम्ही आकडा लिहिला. काही पोरं लागलीही. आज ती दारापाशी स्टुलावर बसली आहेत. त्यांचा काही दोष नाही. पण त्या पस्तीस पैशांतले काही पैसे आम्ही स्टुलांवर घातले, आणि म्हणून ते फिटरवर पडले नाहीत. मामांच्या सुनेच्या मरणात आमच्या त्या मागणीपत्राचा वाटा नाही, असं आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

म्हणून पहिला नियम आम्ही स्वतःला लावला. पद मागायचं ते कामासाठी, कुणाच्या पोरासाठी नव्हे. आपल्या पोरांना फिटरचं काम शिकवा, आय.टी.आय.ला घाला, नर्सिंगला घाला, आणि मग ताठ मानेनं जागा मागा.

दुसरी गोष्ट इतिहासाची. १८६५ साली मुंबई शहराचा कारभार नव्या कायद्यानं बांधला. ऑर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांच्याबरोबर कोणती मोठी पदं काढली? बांधकामाला इंजिनिअर, रोगराईला आरोग्य अधिकारी आणि पैशावर नजर ठेवायला हिशेबाचा नियंत्रक. साहेबांचं राज्य होतं, ते आपल्या भल्यासाठी आलं नव्हतं. पण शहराला आधी काय लागतं हे त्यांना उमगलं होतं. पाणी-गटार, आरोग्य आणि हिशेब. तरीही क्रॉफर्डसाहेबांचा हात सुटला. बाजार बांधला, रस्ते केले, पण खर्च इतका वाढला की १८७१ साली करदाते खवळले. १८७२ साली नवा कायदा आला आणि ६४ पैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. यातून दोन धडे निघतात. काम करणारा जेवढा पाहिजे तेवढाच हिशेब तपासणाराही पाहिजे. आणि दोघांच्या वर बोलणारी जनता पाहिजे.

पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत १९५७ साली समितीनं मुंबई महापालिका जिंकली आणि १९५८ साली कामगार पुढारी मिरजकर महापौर झाले. गिरणगावातला माणूस त्या खुर्चीपर्यंत पोचू शकतो, हे तेव्हा सिद्ध झालं. खुर्चीवर कोण, हे आपण तेव्हा शिकलो. खुर्चीखाली कोण कामाला लागतं, हे शिकायचं अजून बाकी आहे.

तर आता आमची यादी ऐका. पेन्सिलीनं लिहिली, सात रात्री भांडून लिहिली. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं पान पाण्याचं. व्हॉल्व्हमन, फिटर, पंपचालक, आणि रोज गल्लीच्या शेवटच्या नळाशी जाऊन पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे बघणारा माणूस. टाकीजवळ तपासून उपयोग नाही. रोग शेवटच्या नळाला शिरतो. बाटलीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा आणि वहीत लिहायचं. एवढ्यानं गल्ली वाचते.

दुसरं पान सफाईचं. झाडणारे, कचरा उचलणारे, गटार उपसणारे. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात आणि मैल्याच्या टाकीत माणूस उतरवायला बंदी घातली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली. पण मेल्यावर भरपाई देण्यापेक्षा मशीन आणि मशीन चालवणारा शिकलेला माणूस आधी ठेवा. मशीन घेतलं आणि चालकाचं पद काढलं नाही, तर मशीन डेपोत गंजतं आणि माणूसच खाली उतरतो.

तिसरं पान आरोग्याचं. आमच्या गल्लीत पिवळे डोळे पहिल्यांदा कुणी ओळखले? आशाताईनं. दारोदार फिरणारी तीच. तिनं वर कळवलं, पण वर उठून येणारी कायम नर्सबाई त्या भागाला नव्हतीच. एका डॉक्टरमागं दारोदार जाणाऱ्या नर्सबाया किती, हा प्रश्न आधी विचारा.

चौथं पान आगीचं. कापसाच्या आणि सुताच्या गावात हे सांगायला नको. बंब आहे, पण त्यावर माणसं पाळीला किती, हे मघाच्या गणितानं मोजा.

पाचवं पान तुम्हांला आवडणार नाही. कर आकारणीची माणसं. हो, घरपट्टी लावणारी! पण ऐका. नवी शेड उभी राहते, तिच्यावर तीन मजले चढतात, आणि कागदावर अजून मोकळी जागाच असते. कारण जाऊन मोजणारा माणूस नाही. आपल्या दोन खोल्यांची पट्टी मात्र बिनचूक येते. समजा, उत्पन्न १०० कोटी आहे, तर पगाराला ३५ कोटी मिळतात. सुटलेल्या इमारती धरून ते १२० कोटी झालं, तर ४२ कोटी मिळतात. त्या सात कोटींत फिटरही येतो आणि नर्सबाईही येते. हा माणूस आपला पगार आपणच कमावून आणतो, वर दुसऱ्यांचाही आणतो. म्हणून तो हवा.

सहावं पान हिशेब तपासणाऱ्यांचं. कायद्यात मुख्य लेखापरीक्षक आहेच. पण त्याच्या हाताखाली माणसं नसतील तर तो एकटा किती बिलं बघणार? पाइप कागदावर नवा आणि जमिनीत जुना, हे पकडणारा माणूस तोच.

सातवं पान आमच्यासारख्यांचं आहे. खिडकीवरचा माणूस. आम्ही चौथी शिकलेलो. अर्जाचा नमुना बघितला की घाम फुटतो. १९६४ साली मराठी राजभाषेचा कायदा झाला, २०२२ साली सुधारणा करून महापालिकांसारख्या स्थानिक संस्थांतही मराठीची सक्ती झाली. फार चांगलं झालं. पण "विहित नमुन्यात सहपत्रांसह सादर करावे" ही मराठी असली तरी आमच्या आईला ती कळत नाही. म्हणून प्रत्येक विभाग कार्यालयात एक असा माणूस द्या, की जो ऐकेल, सोप्या बोलीत समजावील, अर्ज भरून देईल आणि पोच हातात ठेवील. सगळं मशीनवर होतं म्हणतात. होऊ द्या, पण मशीनपुढं गोंधळलेल्या म्हातारीला बाजूला घेऊन बसवणारा कुणी हवा.

आता ठेकेदाराचं बोलतो. साहेब म्हणतात, माणसं कायम घेऊ नका, ठेका द्या, स्वस्त पडतं. ठेक्याचं बिल बहुधा आस्थापनेच्या खर्चात दिसत नाही, दुसऱ्या खात्यात पडतं. म्हणून पस्तीस पैशांची मर्यादा पाळल्यासारखी दिसते. पैसा मात्र त्याच तिजोरीतून जातो. आम्ही ठेक्याच्या सरसकट विरुद्ध नाही. पाण्याची टाकी बांधायची आहे? द्या ठेका, ती एकदाच बांधायची. पण टाकीतलं पाणी रोज सोडायचं आहे. जे काम रोज उजाडतं त्याला कायम माणूस, जे एकदाच व्हायचं त्याला ठेका. मुंबईत कचरा उचलणाऱ्या २,७०० ठेका कामगारांना कायम करावं, असा निकाल २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं दिला. कचरा वाहतूक श्रमिक संघानं तो लढा लढवला. ती माणसं रोज तेच काम करत होती. फक्त त्यांना महापालिकेची म्हणायला कुणी तयार नव्हतं.

आणि पद काढायचं तसं पद बंदही करायचं. काम गेलं की माणूस दुसऱ्या कामाला लावा. २०१७ साली मुंबईतली जकात बंद झाली. नाक्यांवरची माणसं दुसरीकडं न्यावीच लागली. माणसाची नोकरी जाता कामा नये, पण मेलेल्या कामाच्या खुर्चीला हळदकुंकू वाहत बसू नये. आमच्या लोकांनाही हे ऐकावं लागेल.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो, म्हणजे भाषण ऐकून टाळ्या वाजवून घरी, असं होणार नाही.

प्रत्येक गल्लीनं एक वही करायची. शंभर पानी, शाळेतली चालेल. तिच्यात चार रकाने: तारीख, काय बिघडलं, कुणाला सांगितलं, किती दिवसांनी माणूस आला. एक महिना रोज लिहायचं. खोटं लिहायचं नाही, वाढवून लिहायचं नाही. ज्या दिवशी पाणी वेळेवर आलं, त्या दिवशी "आलं" असंही लिहायचं. महिन्यानं सगळ्या वह्या एकत्र मांडल्या की कोणत्या कामाला माणूस कमी आहे, ते आपोआप दिसेल. आमच्या सात गल्ल्यांनी हे केलं. आम्हांला वाटत होतं रस्त्यांच्या तक्रारी जास्त निघतील. निघाल्या त्या पाण्याच्या आणि गटाराच्या.

दुसरं, माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांचा अर्ज करायचा आणि तीनच आकडे मागायचे: खात्यावार मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी किती. नवं पद मागण्याआधी जुनं रिकामं पद भरून घ्या. आमच्या भागातला दुसरा फिटर मंजूर होता. त्याची जागा कागदावर होती. माणूसच नव्हता.

तिसरं, वही आणि आकडे घेऊन नगरसेवकाकडं जायचं, अर्थसंकल्पाच्या आधी जायचं. पैसे वाटून झाल्यावर जाऊन उपयोग नाही. एकटं जायचं नाही, आणि बाया पुढं घालायच्या. पाणी भरतं कोण? त्यांना जेवढं ठाऊक आहे तेवढं कुठल्याही इंजिनिअरला ठाऊक नाही.

आम्ही असे गेलो. सगळं मिळालं असं नाही. सात पानांपैकी दोन पानांवर होकार आला: फिटरची रिकामी जागा भरली आणि शेवटच्या नळाचं पाणी तपासायला एक माणूस नेमला. बाकीची पाच पानं अजून आमच्या खिशात आहेत. ती सोडणार नाही.

मंडळी, आमच्या गल्लीची वही कुणी सुरू केली ठाऊक आहे? मामांनी. त्यांना लिहिता येत नाही. नातीला जवळ बसवून त्यांनी पहिली ओळ लिहून घेतली. त्यात सुनेचं नाव नव्हतं. सांध्याची तारीख होती, तक्रारीची तारीख होती, आणि पुढं "एकोणीस दिवस" एवढंच होतं. ती वही आम्ही साहेबांपुढं उघडली, तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही.

प्रत्येक गल्लीत अशी वही होऊ द्या. पण कुणाच्याही वहीत तसली ओळ लिहायची वेळ येऊ नये, यासाठी ही सगळी खटपट आहे. शहर आपल्या घामानं वाढलं आहे. त्याची सेवा कुणी आणि किती जणांनी करायची, हे सांगायचा पहिला मान आपला आहे.

उद्या रविवार आहे. बाजाराला जाल तेव्हा एक वही घेऊन या.

एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो. जय महाराष्ट्र!